शाळेआधीची वाटी : सिरियल, लाह्या, सत्त्व आणि पोहे

शाळा सुरू झाल्या की मुलांच्या नाश्त्याबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांनी पाकिटातल्या सिरियलबद्दल विचारलं आहे. उत्तरांतले धान्य-कडधान्यांचे आकडे कच्च्या, कोरड्या वजनाचे आहेत. मुलांच्या रोजच्या गरजेचे आकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवून दिलेले आहेत.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे. बस पावणेसातला येते. चॉकलेटचं सिरियल आणि दूध एवढंच तो पाच मिनिटांत संपवतो. पाकिटावर 'संपूर्ण धान्य' आणि 'जीवनसत्त्वं व लोह' असं मोठ्या अक्षरांत आहे. रोज दिलं तर चालेल का?
— एक आई, पिंपरी

उत्तर : उद्या सकाळी एक काम करा. तो रोज जेवढं घेतो तेवढं सिरियल त्याला त्याच्याच बाऊलमध्ये ओतू द्या आणि दूध घालायच्या आधी वजनकाट्यावर ठेवा. पाकिटावरची एका वेळची मात्रा बहुधा ३० ग्रॅम असते. मुलांच्या बाऊलमध्ये सहज ४५ ते ५० ग्रॅम पडतं, कारण ३० ग्रॅमने बाऊल भरल्यासारखा दिसतच नाही. म्हणजे मात्रेप्रमाणे छापलेला साखरेचा आकडा तुमच्या घरी लागू पडत नाही.

आता पाकीट उलटं करा. मागच्या तक्त्यात 'एकूण साखर' आणि 'वरून घातलेली साखर' असे दोन आकडे १०० ग्रॅममागे दिलेले असतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनी ते बंधनकारक आहेत. चॉकलेटच्या सिरियलमध्ये दुसरा आकडा २५ ते ३५ ग्रॅमच्या घरात असतो. ३० धरला तर ५० ग्रॅमच्या बाऊलमध्ये १५ ग्रॅम साखर झाली. दुधात एक चमचा घालत असाल तर २०. आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात. त्यातल्या १० टक्क्यांहून कमी कॅलरी अशा साखरेतून याव्यात, ५ टक्क्यांहून कमी आल्या तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच टक्के म्हणजे दिवसभरात २१ ग्रॅम. जवळजवळ तेवढी साखर तो बस यायच्या आधीच खाऊन मोकळा होतो. डब्यातला जॅम, दुपारचं बिस्किट, संध्याकाळचं सरबत अजून बाकी आहे. दुधातली नैसर्गिक साखर यात मोजायची नाही.

'संपूर्ण धान्य' हे शब्द खरे असू शकतात, पण किती टक्के ते पाहा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर दुसऱ्या नंबरावर असेल तर समजून घ्या. कधी ती एका नावाने येत नाही. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्ट अर्क, मध अशी ती तीन-चार ठिकाणी विखुरलेली असते आणि त्यामुळे प्रत्येक नाव यादीत खाली ढकललं जातं. माल्टोडेक्स्ट्रिन हे साखर म्हणून मोजलं जात नाही, पण शरीरात त्याचं ग्लुकोज फार पटकन होतं.

प्रथिनांचा हिशेबही करून ठेवा. ५० ग्रॅम सिरियलमधून साडेतीन-चार ग्रॅम मिळतात, २०० मिली दुधातून सहा. त्याची दिवसाची गरज २३ ग्रॅम आहे. म्हणजे हा नाश्ता प्रथिनांच्या दृष्टीने अगदीच टाकाऊ नाही, पण त्याचं श्रेय मुख्यतः दुधाला. आणि नेमकं दूधच मुलं तळाशी सोडतात. तो तपकिरी घोट मोरीत ओतू नका. बरीचशी जीवनसत्त्वं सिरियल शिजून-भाजून झाल्यावर वरून फवारलेली असतात, आणि ब गटातली पाण्यात विरघळणारी असल्याने ती त्या उरलेल्या दुधात उतरतात.

एकदम बंद करायला जाऊ नका, मूल उपाशी बसमध्ये बसेल. पहिला आठवडा ३५ ग्रॅम चॉकलेटचं आणि १० ग्रॅम साधे, बिनसाखरेचे फ्लेक्स किंवा लाह्या. दुसऱ्या आठवड्यात निम्मं-निम्मं. तिसऱ्यात १० ग्रॅम चॉकलेटचं फक्त वरून भुरभुरायला. दुधातली साखर पहिल्याच दिवशी काढा, सिरियलच्या गोडीत ती कळत नाही. सोबत पाच-सहा भिजवलेले बदाम किंवा एक उकडलेलं अंडं आणि अर्धं केळं. आठवड्यातून एक-दोनदा, घाईच्या दिवशी सिरियल असायला आमची हरकत नाही. रोजचा नाश्ता म्हणून मात्र नको.

प्रश्न : सिरियल खाणाऱ्या मुलांना जीवनसत्त्वं आणि लोह जास्त मिळतं, असं परदेशी संशोधन सांगतं म्हणे. मग आपण उगाच नावं ठेवतो का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : अशी संशोधनं खरोखरच आहेत आणि त्यांतला आकड्यांचा भाग खोटा नाही. सिरियल खाणाऱ्या मुलांच्या आहारात ब गटातली जीवनसत्त्वं, लोह आणि कॅल्शियम जास्त दिसतं. कारण सरळ आहे. पहिल्या दोन गोष्टी कारखान्यात मिसळलेल्या असतात आणि कॅल्शियम दुधातून येतं. पण याच मुलांच्या आहारात साखरही बऱ्याचदा जास्त आढळते. तुलना पुष्कळदा नाश्ताच न करणाऱ्या मुलांशी केलेली असते, पोहे किंवा थालीपीठ खाणाऱ्यांशी नाही. यातले बरेच अभ्यास नुसत्या निरीक्षणाचे आहेत आणि कित्येकांना सिरियल कंपन्यांचा पैसा आहे. रोज सकाळी नीट बसून खाणाऱ्या मुलाच्या घरी बाकीचं जेवणही वेळेवर असतं, हा फरक अशा अभ्यासातून पूर्ण गाळता येत नाही.

मिसळलेल्या लोहाबद्दल एक प्रयोग मुलांबरोबर करण्यासारखा आहे. लोह घातलेले फ्लेक्स मूठभर घ्या, खलात अगदी बारीक पूड करा, पिशवीत पाणी घालून ढवळा आणि बाहेरून जोरदार चुंबक फिरवत राहा. चुंबकाजवळ काळसर, केसासारखी बारीक रेघ जमते. तो लोखंडाचा भुगाच आहे. सगळ्या कंपन्या हा प्रकार वापरत नाहीत, काही लोहाचे क्षार घालतात, मग रेघ जमत नाही. भुगा स्वस्त पडतो आणि चवीत कळत नाही, म्हणून वापरतात. तो पोटातल्या आम्लात विरघळतो, पण अंगी लागतो थोडाच. लेबलवरचं लोह आणि रक्तात पोचलेलं लोह यांत म्हणूनच मोठं अंतर असतं.

प्रश्न : सिरियलऐवजी ज्वारीच्या लाह्या दुधात घालून देते. पण मुलगी दहा वाजता भूक लागली म्हणते. आणि लाह्या पावसाळ्यात मऊ पडतात.
— एक गृहिणी, सोलापूर

उत्तर : लाह्या फुलून मोठ्या झालेल्या असतात, त्यामुळे डोळ्यांना भरपूर वाटतं. वजन करा. मोठा बाऊलभर लाह्या जेमतेम १०-१५ ग्रॅम भरतात. म्हणजे पाव भाकरीएवढीसुद्धा ज्वारी तिच्या पोटात जात नाही. भूक लागणारच.

लाह्यांना जड जोडीदार हवेत. आठ-नऊ वेळा पुरेल असं मिश्रण असं करा : ज्वारीच्या लाह्या १०० ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या ५०, भाजून सोललेले शेंगदाणे १००, चिवड्यातलं डाळं ५०, भाजलेले तीळ ३०. हे सगळं एकत्र. मनुका ५० ग्रॅम, पण त्या वेगळ्या डब्यात, कारण मनुकांतला ओलावा दोन दिवसांत लाह्या चिवट करतो. एका वेळी ३५ ग्रॅम मिश्रण आणि पाच-सहा मनुका. यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, २०० मिली दुधाबरोबर बारा. राजगिरा आणि तीळ डब्याच्या तळाशी जातात, म्हणून काढताना दर वेळी डबा उलटासुलटा करा, नाहीतर सोमवारी नुसत्या लाह्या आणि शनिवारी नुसते तीळ. घरात चार-पाच वर्षांखालचं भावंड असेल तर त्याच्यासाठी दाण्यांचा कूट करा. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो.

मऊ पडलेल्या लाह्या कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता आणि पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा. गरम असताना झाकण लावलं तर वाफेने पुन्हा मऊ. दूध कोमट किंवा गार घ्या. १९९४ मध्ये केलॉग भारतात आली तेव्हा आपल्याकडे कॉर्नफ्लेक्सवर गरम दूध ओतलं जायचं आणि लगदा व्हायचा, ती गोष्ट प्रसिद्ध आहे. लाह्यांचं तसंच होतं. गरमच दूध हवं असेल तर मिश्रण शेजारी ठेवा आणि चमच्या-चमच्याने घालत खाऊ द्या.

प्रश्न : नाचणी सत्त्व घरी करते. कधी आंबूस वास येतो, कधी खीर पातळच राहते. आणि लोहासाठी नाचणी चांगली ना?
— एक आजी, कोल्हापूर

उत्तर : आजी, आधी एक विचारतो : सत्त्व म्हणजे तुम्ही भिजवलेली नाचणी वाटून फडक्यातून गाळता आणि खाली बसलेला पांढरा साका वाळवता का? तसं असेल तर ते प्रामुख्याने पिष्ट आहे. पचायला हलकं, पण नाचणीचं कॅल्शियम आणि चोथा मुख्यतः तिच्या सालात असतो आणि तुम्ही तो फडक्यातच सोडता. आजारी माणसाला ठीक. शाळेत जाणाऱ्या मुलाला मोड आणून दळलेलं अख्खं पीठ द्या.

एक किलो नाचणी खडे पाहून चार-पाच पाण्यांनी धुवा, शेवटचं पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. दहा-बारा तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. उपसून ओल्या सुती कापडात सैल बांधा. उन्हाळ्यात २४ तास, थंडीत ३६. दर सहा तासांनी पाण्याचा हात फिरवा आणि गाठोडं उघडून दाणे वरखाली करा. आंबूस वास इथेच धरतो : गाठोडं घट्ट बांधलं, मध्यभागी ऊब साठली, हवा लागली नाही. अर्ध्या सेंटिमीटरचे पांढरे मोड आले की थांबा. पसरून पंख्याखाली, मग उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. दबला तर अजून ओल आहे, आणि ते पीठ आठवड्यात बुरसं धरेल. बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं वापरू नका, सगळं टाकून द्या. वाळलेले मोड हातावर चोळून पाखडा, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंतच भाजा आणि दळून आणा. गिरणीत तुमच्या आधी ज्वारी-बाजरी असेल तर चालतं, मिरची नसावी.

खीर पातळ राहते हा दोष नाही. मोड येताना धान्यात पिष्ट तोडणारं एक विकर (एन्झाइम) तयार होतं, ते खीर घट्ट होऊ देत नाही. त्याचा फायदा घ्या. साध्या पिठाचे २० ग्रॅम घातले की वाटी घट्ट होते, मोडाच्या पिठाचे ३०-३५ ग्रॅम त्याच वाटीत मावतात. छोट्या पोटाच्या मुलाला तेवढंच जास्त अन्न जातं. पीठ फार करपट भाजलं तर हे विकर मरतं. करताना ३० ग्रॅम पीठ आधी गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. मग पाऊण वाटी उकळत्या पाण्यात सोडा, मंद आचेवर सहा-सात मिनिटं ढवळा, शेवटी १५० मिली दूध.

या वाटीतून जवळजवळ २९० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं : ११० नाचणीतून, १८० दुधातून. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज ६५० आहे. लोहासाठी मात्र नाचणीवर विसंबू नका. १०० ग्रॅममध्ये साडेचार-पाच मिलिग्रॅमच असतं, आणि तिच्यातली टॅनिन व फायटेट ही द्रव्यं त्यालाही अडवून धरतात. मोड आणल्याने फायटेट कमी होतं, एवढीच सुधारणा. बाजरीत लोह जास्त आहे.

प्रश्न : साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला तर?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : साखरेच्याच खात्यात धरायचा. गुळात लोह थोडं असतं, पण चमचाभर गुळातून मिळणारं नगण्य. खजूर किंवा केळं कुस्करून घातलं तर चोथाही जातो, ते बरं.

प्रश्न : आमच्याकडे एक दिवस पोहे, एक दिवस उपमा, एक दिवस साबुदाणा. सिरियलपेक्षा हे चांगलंच ना?
— एक बाबा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नुसते असतील तर फार फरक नाही. मुलाच्या एका प्लेटीत ५० ग्रॅम पोहे जातात, त्यांतून साडेतीन ग्रॅम प्रथिनं. कॉर्नफ्लेक्सइतकीच. साखर नाही आणि मीठ तुमच्या हातात आहे, हा मोठा फायदा, पण पोट भरायला आणखी हवं. १५ ग्रॅम शेंगदाणे म्हणजे साधारण मुलाची एक मूठ, आणि ३० ग्रॅम ओले मटार घातले की आकडा नऊच्या वर जातो. मटार नसतील तर मोडाची मटकी, आधी वाफवून. लिंबू गॅस बंद करून, ताटात घेतल्यावर पिळा. क जीवनसत्त्व उष्णतेने जातं आणि पोह्यांतलं लोह शोषायला तेच लागतं. पोह्यांबरोबर मुलांना चहा देत असाल तर कृपा करून बंद करा. चहातलं टॅनिन ते लोह धरून ठेवतं आणि लिंबाचं काम फुकट जातं.

रवा ५० ग्रॅमला पाच-साडेपाच ग्रॅम प्रथिनं देतो. उपम्यात उडदाची डाळ फोडणीपुरती चिमूटभर न घालता दोन चमचे घाला, तासभर भिजवून. साबुदाण्यात पिष्टाशिवाय जवळजवळ काहीच नाही, त्या खिचडीला अन्न म्हणायचं ते दाण्याच्या कुटामुळे. उपवासाला करा, शाळेच्या दिवशी ती जागा भाजणीच्या थालिपिठाला द्या. ६० ग्रॅम भाजणीचं एक थालीपीठ आणि वाटीभर दही हा आमच्या मते शाळेआधीचा सगळ्यात भक्कम नाश्ता आहे. पीठ रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवा. कांदा मात्र सकाळी घाला, नाहीतर त्याला पाणी सुटून पीठ सैल होतं आणि थापताना फाटतं.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची. सकाळी काहीच जात नाही म्हणते. दूध पाहिलं तरी मळमळतं.
— एक आई, ठाणे

उत्तर : रात्री किती वाजता जेवता ते आधी पाहा. दहाला जेवून सहाला उठलेल्या मुलीला भूक नसते, हा आळस नाही. जेवण आठच्या आत आणा. दूध संध्याकाळी द्या, सकाळीच हवं असा नियम नाही. उठल्या-उठल्या पाणी, निघताना दोन खजूर आणि मूठभर दाणे किंवा चिक्कीचा लहान तुकडा, आणि पहिल्या सुट्टीसाठी खरा नाश्ता डब्यात : पालेभाजीचा पराठा, अंड्याची पोळी, मुगाचं धिरडं.

या वयात तुमचं लक्ष लोहाकडे हवं. दहा ते बारा वर्षांच्या मुलीची गरज दिवसाला २८ मिलिग्रॅम आहे, त्याच वयाच्या मुलाची १६. पाळी सुरू झाली की तूट आणखी वाढते. शाळेत दर आठवड्याला लोह-फॉलिक ॲसिडची निळी गोळी मिळत असेल तर ती चुकवू देऊ नका. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ होते आणि मग मुली ती दप्तरात लपवतात. डबा खाल्ल्यावर घ्यायला सांगा. जंताची गोळीही वर्षातून दोनदा शाळेत देतात, तीही घ्यावी. धाप लागणं, पापणीची आतली बाजू फिकट दिसणं, माती-खडू खावासा वाटणं यांतलं काही दिसलं तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

प्रश्न : इथे मुलाला शाळेतच नाश्ता मिळतो. सिरियलचं छोटं पाकीट, फळ आणि दूध. ते खाऊ द्यावं का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : द्या. तुमच्याकडच्या शालेय नाश्त्याच्या नियमांत १ जुलै २०२५ पासून सिरियलच्या वरून घातलेल्या साखरेला मर्यादा आली आहे : कोरड्या एका औंसाला, म्हणजे २८ ग्रॅमला, जास्तीत जास्त ६ ग्रॅम. चव घातलेल्या दुधाला ८ औंसांमागे १० ग्रॅम. त्याला साधं दूध उचलायची सवय लावा आणि फळ शेवटी न ठेवता आधी खायला सांगा.

भारतातल्या वाचकांनाही हे माप उपयोगी आहे. १०० ग्रॅमला सुमारे २१ ग्रॅम साखर असा त्याचा अर्थ होतो. दुकानात पाकीट उलटं करून एवढा एकच आकडा पाहिलात तरी चॉकलेट आणि मधाचे बरेचसे डबे तिथेच मागे राहतील.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत पोषण आहार दुपारी मिळतो, पण बरीच मुलं सकाळी काही न खाता येतात. ग्रामस्थ थोडी मदत करायला तयार आहेत. बिस्किटं वाटावीत का?
— एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : बाई, बिस्किटं नकोत. तेवढ्याच पैशात मोडाचे मूग होतील. पहिली ते पाचवीच्या मुलाला पोषण आहारात दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेलं आहे. सहावी ते आठवीला तेच १५०, ३०, ७५ आणि साडेसात. दुपारचं हे जेवण मापात मिळतंय ना, ते आधी पाहा. पातळ खिचडीत डाळ कमी पडलेली सहज लक्षात येत नाही, म्हणून डाळ शिजवण्याआधी, कोरडी असतानाच तोलून घ्या.

सकाळसाठी ४० मुलांना एक किलो मूग. मुलामागे २५ ग्रॅम, म्हणजे साडेपाच ग्रॅम प्रथिनं. आदल्या दिवशी सकाळी भिजत घाला, संध्याकाळी उपसून ओल्या कापडात बांधा, दुसऱ्या दिवशी सकाळी मोड तयार. उन्हाळ्यात संध्याकाळी बांधताना एकदा स्वच्छ पाण्यातून काढा, नाहीतर बुळबुळीत होतात. मुलांना कच्चे देऊ नका. मोडांच्या उबेत आणि ओलाव्यात जिवाणू वाढतात आणि एकाच वेळी चाळीस पोटं बिघडू शकतात. दहा मिनिटं उकळा, पाणी फेकू नका, त्याचंच कढण करून वाटीत द्या. वरून मीठ, कांदा-कोथिंबीर आणि पाच-सहा लिंबांचा रस. आठवड्यातून दोन दिवस मुगाऐवजी भाजलेले शेंगदाणे २० ग्रॅम आणि केळं, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या ताईंना सुट्टी मिळेल.

गावसभेत विषय काढाल तेव्हा तामिळनाडूचं उदाहरण सांगा. तिथे सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा गरम नाश्ता सुरू झाला आणि पुढे वाढवत नेला. त्यात उपमा, खिचडी, पोंगल असतं, सोबत भाज्यांचं सांबार. पाकिटातलं काही नाही.